आईचं वाक्य

राग येणं हा माझा स्वभावच आहे. शाळेत मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही. पण कुडाळच्या त्या मेळाव्याहून आल्यापासून डोक्यात जो राग बसलाय तो नेहमीचा नव्हे. नेहमीचा राग मधल्या सुट्टीपर्यंत उतरतो. हा पंधरा दिवस झाले तरी जागचा हलत नाही. स्टाफरूममध्ये मी तो प्रसंग सांगितला, वाण्याच्या दुकानात सांगितला, मालवणच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना एका अनोळखी बाईलाही सांगितला. ऐकणाऱ्या सगळ्यांना माझ्याइतकाच संताप आला. मात्र दर वेळी सांगताना मी एक गोष्ट गाळली. ती इथे लिहिणार आहे. पण आधी बाकीच्यांवर रागावून घेते, कारण त्यांनीही काही कमी केलेलं नाही.

आम्ही चौके गावाच्या पुढे राहतो, मी आणि आई. मी मालवणच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. भाऊ मुंबईला असतो. वडील जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी गणपती उरकले आणि आठव्या दिवशी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला होता, तो मालिश करून करून बराचसा सुधारला. पाय तर महिन्याभरात चालता झाला. वाचा मात्र गेली. समजत सगळं होतं. वीजबिलाची तारीख टळली तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून माझ्यावर डोळे वटारायची. पण तोंडातून शब्द येत नव्हता. माझी आई कोण, तर मासेवालीशी भाव करताना जिचा आवाज पडवीतून थेट रस्त्यापर्यंत जायचा, ती. वाडीतल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंची माणसं जिला साक्षीला बोलवायची, ती. ती बाई सव्वादोन महिने मुकी बसली होती.

ओरोसच्या इस्पितळात वाचा शिकवणारी एक तरुण मुलगी होती. गुणी मुलगी. तिच्याकडे चित्रांची कार्डं होती. केळं, गाय, घर, छत्री. ती एकेक कार्ड आईसमोर धरायची आणि विचारायची, "आजी, हे काय आहे?" बहात्तर वर्षांच्या बाईला, जिने आयुष्यभर गोठा सांभाळला तिला, गाईचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारायचं. आईने तिसऱ्या खेपेला ते कार्ड हातातून काढून घेतलं आणि खिडकीबाहेर टाकलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आईची वाचा परत आणली ती सीरियलने. सीरियलचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण त्या वेळेला लागणाऱ्या सगळ्या सीरियली सारख्याच असतात. मोठा बंगला, सोन्याने मढलेली सासू आणि गरिबाघरची सून. आमच्या या सुनेचा एकच गुण होता, तो म्हणजे गप्प राहणं. सासू वाटेल ते बोलायची, नणंद तिच्यावर आळ घ्यायची, नवरा तोंड फिरवायचा आणि ही खाली मान घालून उभी. आजारापूर्वी आई रोज साडेसातला टीव्हीसमोर पाय पसरून बसायची आणि तिच्या वतीने सासूला उत्तरं द्यायची. आई सासूला देत असे ती उत्तरं मला इथे लिहिता येणार नाहीत. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आये, ता खोटा असता गो!" ती म्हणायची, "खोटा आसा तर तू कित्याक ऐकतंस?"

झटका आल्यावरही ती साडेसातला बसायचीच, नुसती बघत. मग एका संध्याकाळी त्या सीरियलमध्ये पूजा होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सासूने सगळ्यांसमोर सुनेवर बांगड्या चोरल्याचा आळ घेतला. कॅमेरा एकेकाच्या तोंडावर तीन-तीनदा फिरला. सून नेहमीप्रमाणे मान खाली घालून उभी. मी तव्यावर घावन घातलं होतं. आणि माजघरातून आवाज आला, "बोल!"

मी उलथणं तसंच हातात घेऊन धावले. आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. टीव्हीकडे बोट रोखून ती पुन्हा म्हणाली, "बोल गो!" आणि आपलाच आवाज ऐकून घाबरली, तोंडावर हात धरला. घावन जळून कोळसा झालं. त्या रात्री आम्ही पेज जेवलो आणि मी भांडी घासताना रडले.

तिथून पुढे रोजचा अभ्यास साडेसातला. शब्द येऊ लागले. मेली, नाय, खोटा, गप, उठ. वाक्य मात्र जुळत नव्हतं. दोन शब्दांनंतर ती अडकायची, पुढचा शब्द जिभेवर असायचा आणि सुटायचा नाही. मग कपाळाची शीर फुगायची, डोळ्यांत पाणी यायचं. ओरोसच्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, वाक्याचे तुकडे करायला शिकवा. मधे थांबू दे. आणि एक लक्षात ठेवा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागला तरी." मी मान डोलावली. पंचवीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला हे सांगायची काय गरज, असंही मनात आलं.

थांबायचं कसं, ते मात्र तिला माझ्या रागाने शिकवलं. आमच्याकडे कुठलंही कार्य काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला जाणता माणूस नारळ ठेवून हात जोडतो आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतो, काय करायचंय, काय हवंय, कोणापासून राखायचं. तो एकेक तुकडा बोलतो आणि प्रत्येक तुकड्याला भोवतीची माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." तेवढ्यात त्याला दम घेता येतो, पुढचं आठवतं. आमच्या घरी गाऱ्हाणं वडील घालायचे. विसरभोळा माणूस, पण गाऱ्हाण्यात कधी अडला नाही, कारण आई सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि त्यांना पुढे ढकलायची.

तर एका संध्याकाळी माझं दूध उतू गेलं होतं, वह्यांचा गठ्ठा तसाच पडला होता, आणि आई माजघरातून "ती... सासू... ती... सासू..." इथेच अडून बसली होती. माझं डोकं फिरलं. मी चुलीकडूनच खेकसले, "व्हय म्हाराजा!"

आणि आई म्हणाली, "मेली."

मी थबकले. हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"खोटा बोलता."

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. त्यानंतर आमचं तेच ठरलं. ती एक तुकडा बोलायची, माझ्याकडे बघायची, मी "व्हय म्हाराजा" म्हणायची, की पुढचा तुकडा सुटायचा. ओरोसच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "जे चालतंय ते चालू द्या."

पण हे आमच्या दोघींतलं होतं. शेजारीण आली, पोस्टमन आला, की मी ते म्हणत नसे. लोकांसमोर आई एक-दोन शब्दांवर भागवायची. तशी सवयच पडली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

या दिवाळीनंतर कुडाळच्या मैदानावर कुठलासा महोत्सव लागला आणि त्यात एका दुपारी 'तुमचे लाडके कलाकार तुमच्या भेटीला' असा कार्यक्रम ठरला. फलकावर ती सून होती. खरीखुरी यायची होती. स्टेजवर जाऊन भेटायचा वेगळा पास होता, तो मी पैसे भरून घेतला. आईला सांगितलं तेव्हा तिने आधी टीव्हीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "माका..."

"व्हय म्हाराजा."

"तिका..."

"व्हय म्हाराजा."

"एक सांगूचा आसा."

काय सांगायचं ते तिने चार दिवस खपून जुळवलं. मला मधे बोलू दिलं नाही. पाचव्या दिवशी वाक्य तयार झालं ते असं. "बाय गो. तू गप रवलंस. म्हणान माका. बोलूचा लागला." तू गप्प राहिलीस म्हणून मला बोलावं लागलं. ओटीवर बसून तिने मला ते ऐकवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तरी माझ्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही. मी म्हटलं, "आये, त्यापेक्षा असा म्हण. तुमच्यामुळे मला पुन्हा बोलता यायला लागलं. तिला कळेल तरी." आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प झाले. "नाय," ती म्हणाली. "माजा. माजाच." तीन आठवडे आम्ही ते वाक्य म्हटलं. तांदूळ निवडताना, अंगणात तुळशीपाशी, न्हाणीघराच्या दाराशी. ती चार तुकडे, मी तीन "व्हय म्हाराजा." शेवटी शेवटी एकदाही अडत नव्हतं.

आता मेळाव्याचं सांगते.

वाडीतलीच रिक्षा ठरवली, धामापूरवरून नेरूरपारच्या पुलाने कुडाळला गेलो. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बरोबर सोलांची, म्हणजे आमसुलांची पिशवी होती, आमच्याच रातांब्यांची, तिने उन्हात वाळवलेली. सून फार वाळलीय, तिला पित्त होत असणार, असं तिचं मत होतं. गेटवर काळ्या टी-शर्टातल्या दांडग्याने पिशवी हातातून घेतली, हुंगली आणि बाजूच्या टेबलावर फेकली. फेकली म्हणजे खरोखर फेकली. खाण्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत म्हणे. मी म्हटलं ही वस्तू खायची नाही, आमटीत घालायची आहे. त्याला आमटी कळली नाही. मग त्याने आईच्या मनगटावर हिरवी कागदी पट्टी आवळली, तीही उजव्या, दुखऱ्या हातावर. मी सैल करायला सांगितलं तर म्हणाला, सैल केली की फाटते.

चारचा कार्यक्रम. आम्ही साडेतीनपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तळेऱ्याहून, इन्सुलीहून गाड्या करून माणसं आली होती, कडेवर पोरं, डब्यात लाडू, सगळ्यांचे डबे बाहेर टेबलावर. तोंडावर ऊन. पाचपर्यंत कोणी आलं नाही. तोवर आमची करमणूक करायला एक निवेदक होता. अंगात चकचकीत जॅकेट, तोंडात सगळी मुंबई, आणि मधे मधे मालवणी. ती मालवणी आमची नव्हे. आम्ही कसे बोलतो असं ज्यांना बाहेर बसून वाटतं, त्यांची. म्हाताऱ्या माणसांना तो पुढे बोलावायचा, त्यांच्या तोंडाशी माईक धरायचा आणि म्हणायचा, "आजोबा, एक झणझणीत मालवणी शिवी होऊन जाऊ दे!" आणि लोक हसत होते. आमचीच माणसं. एका खोतासारख्या दिसणाऱ्या भारदस्त आजोबांनी खरंच शिवी दिली आणि टाळ्या घेतल्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच आहे का आमचं? शिव्या आणि मासे? ज्या बोलीत माझी आई मेलेली वाचा तुकड्या-तुकड्याने परत आणत होती, ती बोली यांना गमतीला पाहिजे. हे सगळं मी स्टाफरूममध्ये असंच बोलले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी असं म्हटलं नाही की बाई, तुम्ही तर वर्गात कोणी "माका" म्हटलं की त्याला बाकावर उभं करता. म्हणायला हवं होतं.

साडेपाचला ती आली. गोव्याच्या विमानतळावरून येताना उशीर झाला म्हणे. भेट-पासवाल्यांची रांग लागली. जिन्यापाशी दुसरा दांडगा सूचना देत होता. "हात मिळवायचा नाही. बोलायचं नाही. फोटो झाला की डावीकडून उतरायचं. थांबायचं नाही."

बोलायचं नाही हे ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

मग मात्र मी सुटले. रांग सोडून त्या दांडग्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि नववीच्या वर्गात लावते तो आवाज लावला. म्हटलं, ही बाई आजारातून उठून आलीय. हिला एक वाक्य बोलायचंय. फक्त एक. ते पुरं होईपर्यंत तुम्ही, तो माईकवाला, किंवा आणखी कोणीही मधे तोंड घालायचं नाही. घातलंत तर हा जिना चढून पुढे कोण जातं ते मी बघते. मागच्या बायका म्हणाल्या, "बरोबर आसा, बरोबर आसा." तो सहा फुटी माणूस चक्क म्हणाला, "ओके मॅडम." मला फार अभिमान वाटला स्वतःचा.

आमची पाळी आली. मी आईचा डावा हात धरून तिला जिना चढवला. ती सून टीव्हीवर दिसते त्याहून बरीच लहान होती, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढी. रंगाचा जाड थर तोंडावर, मानेवर घाम, डोळ्यांखाली झोप. आईने सरळ तिचा हात हातात घेतला. दांडग्याने अडवलं नाही. आई म्हणाली, "बाय गो."

छान, स्वच्छ आलं.

एवढ्यात तो निवेदक माईक घेऊन आला. "अरे वा! आजी काहीतरी म्हणतायत! बोला आजी, माईकवर बोला!" आणि आईच्या तोंडाला माईक लावला. मैदानभर कर्ण्यांतून आईचा श्वास ऐकू आला. नुसता श्वास. दोन वेळा, तीन वेळा. "काय गो म्हातारे," निवेदक त्याच्या त्या खोट्या मालवणीत म्हणाला, "हिरॉइन बघून वाचा बसली काय?" आणि मैदान हसलं.

इथवर मी सगळ्यांना सांगितलंय. यापुढे मी म्हणते, "मग काय, आम्हाला ढकललं आणि उतरवलं खाली." ऐकणारी माणसं हळहळतात, त्या निवेदकाला शिव्या देतात, कोणी म्हणतं तक्रार करा, पेपरात लिहा.

पण तसं झालं नव्हतं.

झालं असं, की त्या मुलीने स्वतःच्या हाताने तो माईक बाजूला सारला. निवेदकाला म्हणाली, "थांबा जरा." दांडगा पुढे येत होता, त्याला हातानेच मागे केलं. मग वाकली, आईच्या तोंडाजवळ कान नेला आणि म्हणाली, "बोला आजी. मला घाई नाही." मैदानाला काहीतरी समजलं असावं, कारण तेही गप्प झालं. रांग थांबली. जे जे मी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. कोणी मधे येत नव्हतं. वेळ होता.

आई माझ्याकडे बघत होती.

तिचा पहिला तुकडा बोलून झाला होता. "बाय गो." आता पाळी माझी होती. ओटीवर, तुळशीपाशी, न्हाणीघराच्या दाराशी जे दोन शब्द मी शेकडो वेळा म्हटले होते, तेवढेच म्हणायचे होते. की पुढचं आपसूक सुटलं असतं. ती कशाची वाट बघतेय ते साऱ्या मैदानात मला एकटीला कळत होतं.

निवेदकाच्या हातातला माईक चालूच होता, माझ्यापासून हातभर लांब. मी स्टेजवरून खाली पाहिलं. दुसऱ्या रांगेत माझ्या शाळेतले पालक. त्यांच्याशेजारी दहावीच्या तीन मुली, ज्यांना मी गेल्याच आठवड्यात सुनावलं होतं की चारचौघांत तरी नीट मराठी बोला. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं असतं तर ते कर्ण्यांतून कुडाळभर गेलं असतं. मराठीच्या बाई, साडीला पिन लावलेल्या, स्टेजवर उभ्या राहून गाऱ्हाण्याला ओ देतायत. निवेदकाला त्या दिवसातला सगळ्यात मोठा विनोद मिळाला असता. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि तेवढ्या वेळात आईने पुन्हा एकदा ओठ हलवले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मी घसा साफ केला आणि माझ्या शुद्ध, वर्गातल्या मराठीत म्हणाले, "आईला तुमची मालिका फार आवडते. ती रोज न चुकता बघते."

हे तिचं वाक्य नव्हतं. त्यातला एक शब्दही तिचा नव्हता.

त्या मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुधा आईच पुढे काही बोलेल म्हणून आणखी थोडं थांबली. आईने तिचा हात सोडला. "थँक यू आजी," ती म्हणाली. फोटो झाला. आम्ही डावीकडून उतरलो.

बाहेर ते टेबल नव्हतंच. सोलं नव्हती, लोकांचे डबे नव्हते. विचारलं तर कोणी म्हणे गाडीत भरले, कोणी म्हणे उचलून टाकले. त्यावरून मी तिथे जे काही बोलले ते ऐकायला माणसं जमली. आई रिक्षात बसून होती. मी अर्धा तास भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. आता कळतं, मी तिथे एवढी का भांडत होते. रिक्षात जाऊन तिच्याशेजारी बसायची माझी हिंमत नव्हती.

फोटो दोन दिवसांनी मोबाइलवर आला. मधे ती सून हसतेय, डावीकडे मी, मान ताठ. आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती माझ्याकडे बघतेय. भावाने तो त्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले.

त्या दिवसापासून आई साडेसातला बसते, पण टीव्हीला काही सुनावत नाही. सासू चढते, नणंद रडते, सून गप्प, आणि आईही गप्प. परवा-तेरवा सुनेला घराबाहेर काढलं, तरी आईने तोंड उघडलं नाही. मी दोनदा स्वयंपाकघरातून, अगदी हलक्या आवाजात, "व्हय म्हाराजा" म्हणून पाहिलं. तिने मान वळवली नाही. माझ्याशी बोलते ते कामापुरतं. पाणी. गोळी. दिवा. ओरोसच्या मुलीने विचारलं, काही झालं का मधे? मी म्हटलं, काही नाही, मेळाव्यात जरा दमली.

काल भावाचा फोन आला, नेहमीप्रमाणे सीरियल संपल्यावर. मी मोबाइल स्पीकरवर टाकून आईच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला, कारण तो आधी आईला हाक मारतो. आईने हूं केलं. मग त्याने मला विचारलं, "त्या मेळाव्यात नेमका काय झाला गो? आये आता बोलणाच नाय ती?" आणि माझी टकळी सुरू झाली. गेटवरचा दांडगा, सोलांची पिशवी, उन्हातले दोन तास. पंधरा दिवसांत ती हकीगत इतकी घोटली गेली होती की मला विचारही करावा लागत नव्हता. "...आणि त्या मेल्या निवेदकाने आयेक बोलूकच देवक नाय. तिच्या तोंडात माईक खुपसल्यान, लोकांका हसयल्यान, आणि..."

"नाय," आई म्हणाली.

मी थांबले. ती माझ्याकडे वळली होती. मेळाव्यानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. माझा हात नकळत पदराकडे गेला.

"तुका माजी लाज वाटली."

एका दमात. कुठे अडली नाही, शिरा ताणल्या नाहीत, माझ्या ओची वाट पाहिली नाही. झटका आल्यापासून कोणाच्याही मदतीशिवाय बोललेलं तिचं हे पहिलं अख्खं वाक्य.

पलीकडे भाऊ आनंदाने ओरडलाच. "अगो, आये बोलली! आयकलंस? किती सरळ बोलली! काय अडकाक नाय!" मागे वहिनीला हाक मारून सांगत होता, इकडे ये, आये बोलली. त्याचा आवाज भरून आला होता. त्याला शब्द ऐकू आले होते की नाही कोण जाणे, की नुसतं न अडखळणंच ऐकू आलं. "आये," तो म्हणाला, "परत एकदा बोल गो. हिका पण आयकूंदे."

आईने माझ्यावरची नजर काढली नाही. आणि तिने ते परत म्हटलं.